काच दोन बोटे मागे

एकदा एक शिष्य आपल्या गुरूचा हात घट्ट धरून बसला. भक्तीने नव्हे. त्या हातात गिरमिट होते, आणि गिरमिटाचे टोक एका जुन्या कॅमेऱ्याच्या लाकडावर टेकले होते.

“बाई, खाली ठेवा ते!”

“तू आधी हात सोड. मग काय ठेवायचं ते मी बघते.”

“शंभर वर्षांचं सागवान आहे. त्याला भोक पाडणार तुम्ही?”

“मग काय आरती ओवाळू?”

पलीकडे बाकावर एक व्यापारी बसला होता. हा कॅमेरा विकत घेऊन आपल्या हॉटेलच्या दर्शनी भागात मांडावा, या हेतूने तो तिसऱ्यांदा आला होता. तो कळवळून म्हणाला, “आजी, भोक पाडलंत तर मी त्याला हात लावणार नाही हां!”

“मी तरी दुसरं काय सांगतेय तुला मघापासून?” बाई म्हणाल्या.

बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. आयुष्यभर फोटो काढणे हाच त्यांचा धंदा. कॅमेरा तिकाटण्यावर उभा राहणारा, चामड्याच्या भात्याचा. डोक्यावर काळे कापड घ्यायचे आणि मागच्या दुधी काचेवर उमटलेले उलटे चित्र पाहायचे, अशा जातीचा. शिष्य चाळिशीचा, शहरातून पदवी घेऊन आलेला, आणि सात वर्षे बाईंपाशी टिकलेला. पदवीपेक्षा हे टिकणे मला मोठे वाटते.

भांडणाचे कारण क्षुल्लक नव्हते. डोंगराखालच्या एका गावातील देवळाचा लाकडी सभामंडप दुसऱ्याच दिवशी दुपारी उतरवायचा होता. खांबांचे पाय वाळवीने खाल्ले होते. सुतार सगळे सुटे करून, कुजके तेवढे बदलून, मंडप पुन्हा उभा करणार होते. दर्शनी बाजूला बारा खांब, प्रत्येकाची नक्षी निराळी, आणि कोणाच्या शेजारी कोण हे सांगणारा कागद कुठेच नाही. शिष्याने गावाला शब्द दिला होता : असा फोटो देतो की खांबावरची पाकळीन् पाकळी मोजता येईल. मात्र मंडपासमोर जागा बोळाएवढी. तिथून साधा कॅमेरा वर रोखला की खांब ताडी प्यायल्यासारखे मागे झुकतात. ह्या जुन्या कॅमेऱ्याचे भिंग जागच्या जागी वर सरकते, म्हणून त्यात खांब ताठ उभे राहतात. पण त्याची फिल्म मिळेनाशी झाली होती. तेव्हा बाईंनीच युक्ती काढली : फिल्मच्या जागी डिजिटल कॅमेरा जोडायचा.

तोंडदेखले कौतुक मला जमत नाही. पण त्या जोडणीचे करावेच लागेल. प्लायवुडची एक फळी. डिजिटल कॅमेऱ्याच्या तोंडावरचे प्लास्टिकचे झाकण मधोमध कापून फळीच्या छिद्रावर चिकटवलेले, म्हणजे कॅमेरा त्यात फिरवून अडकवता येतो. कडेने उजेड शिरू नये म्हणून फाटक्या छत्रीचे काळे कापड. बाजारातून आणले ते एवढेच, प्लायवुड! डिजिटल कॅमेरा त्या मोठ्या चित्रातला टपाल तिकिटाएवढा तुकडाच टिपतो. म्हणून फळी सरकवत तुकडे घ्यायचे आणि संगणकावर जोडायचे. सगळे चित्र एकसारखे स्पष्ट झाले की नाही, हे मात्र अख्ख्या काचेवरच कळते.

आणि तिथेच घोडे अडले. काचेवर रेखीव दिसणारे चित्र डिजिटल कॅमेऱ्यात धूसर येई. चित्र टिपणारा सेन्सर त्याच्या पोटात खोल, काच असते तिथून दोन बोटे मागे. तो पुढे यावा म्हणून शिष्याने तीन आठवडे फळी घासली. फळीचा पापड झाला. सेन्सर होता तिथेच राहिला. त्या सकाळी बाईंनी फळीकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी काचेची चौकट उतरवली, तिच्याखाली घालायला दोन बोटे जाडीच्या लाकडी पट्ट्या कापल्या, आणि त्या बसवण्यासाठी गिरमिट उचलले. जी काच बरोबर होती, तीच हलवायला त्या निघाल्या!

“तुम्हीच शिकवलंत ना, की शंका आली तर काचेला विचार?” शिष्याचा आवाज चिरकला. “तुमच्या गुरूंनी स्वतः जुळवून बसवलीय ती. ती चुकेल कशी?”

“चुकली नाहीये. एकटी पडलीय,” बाई म्हणाल्या. “काच कशासाठी असते रे? जिथं फिल्म बसणार, नेमक्या तिथंच आपली नजर बसावी म्हणून. फिल्म गेली. आता चित्र दोन बोटं मागं जाऊन पडायला हवं. त्या नव्या कॅमेऱ्याला स्वतःचं पोट पुढं काढता येत नाही, तू कितीही घास. काचेला मात्र मागं सरता येतं. दोघांत ज्याला हलता येतं, त्यानं हलावं. त्यात काचेचा मान जात नाही. ती इथंच अडून बसली, तर हिला सोन्याच्या चौकटीत घालून ह्या शेटजींच्या हॉटेलात ठेवायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिच्यात भांग पाडायचा!”

व्यापाऱ्याने नकळत केसांवरून हात फिरवला.

फोटो कसा आला, ते आताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. उत्कृष्ट आला. बारा खांब, ओळंब्यात धरल्यासारखे ताठ. चौथ्या खांबावरच्या मोराच्या पिसाऱ्यातला तुटका डोळासुद्धा मोजून घ्यावा. सुतारांनी तो फोटो भिंतीला लावून त्यावरूनच मंडप पुन्हा उभारला. ज्यांना केवळ बोध हवा असेल, त्यांना तो मिळाला आहे. त्यांनी इथे उठायला हरकत नाही. मला भांडण कसे मिटले ते सांगायचे आहे.

कारण एवढे ऐकूनही शिष्याने हात सोडला नव्हता. “पटतंय, बाई,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. “पण गुरूंनी लावलेल्या वस्तूला भोक पाडायचं म्हणजे... माझ्याच्यानं बघवत नाही.”

बाई रागावल्या नाहीत. मोकळ्या हाताने त्यांनी कॅमेरा उजेडाकडे वळवला. “काचेचे जुने स्क्रू होते तिथं बोट फिरव. प्रत्येकाच्या शेजारी.”

त्याने बोट फिरवले. सागवानात, प्रत्येक स्क्रूच्या भोकाशेजारी, आणखी एक बारीक वाटोळा ठिपका होता. मेणाने बुजवून, वर पॉलिश केलेला. सात वर्षे तो हा कॅमेरा रोज पुसत होता, आणि ते चार ठिपके त्याने कधी पाहिले नव्हते.

“हे काय आहे, बाई?”

“हे बुजवलेलं पहिलं भोक कारखान्याचं; फोटो घ्यायच्या काचेच्या प्लेटा जाऊन फिल्म आली तेव्हा दुसरं माझ्या गुरूंनी पाडलं, आणि त्या दिवशी त्यांचा हात असाच धरून मी रडत बसले होते; तेव्हा आता माझा हात सोड, हे गिरमिट घे, आणि तिसरं तू पाड.”