पाठीची माती

एकदा एका नदीकाठच्या गावातल्या तालमीत एक मल्ल घडला. लाल मातीत वाढलेला हा गडी पुढे गादीवरची फ्रीस्टाईल कुस्ती शिकला आणि सर्वांत वरच्या वजनगटात देशाचा विजेता झाला, तोही वर्षामागून वर्ष. गाव मिशीला पीळ देऊन सांगे, “आमच्या पैलवानाच्या पाठीला माती लागली न्हाई.”

खुराक अंगी लागतो, स्तुती मात्र डोक्यात जाते. परदेशातली मोठी स्पर्धा तोंडावर आली होती. तेवढंच एक पदक मिळवायचं राहिलं होतं. आणि हा सरावाला जोड निवडी ती आपल्याहून हलकी. सर्जेराव नावाच्या नव्या दमाच्या पैलवानानं जोड मागितली, की ‘आज खांदा धरलाय’ म्हणून टाळत असे. तालमीत आपल्याला पडताना कोणी पाहील, हीच धास्ती. तालमीचे वृद्ध वस्ताद सारं पाहत होते.

स्पर्धेला दोन महिने असताना गावानं तालमीतच त्याचा सत्कार ठेवला. फेटा बांधला, हलगी कडाडली. पैलवान वस्तादांच्या पाया पडायला वाकला. वस्तादांनी आखाड्यातली मूठभर माती उचलली आणि त्याच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर, भर पाठीवर, खसाखसा चोळली.

हलगी थांबली. पाठीला माती लागणं म्हणजे पराभव, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. पैलवानाचा चेहरा उतरला.

“वस्ताद, सगळ्या गावाम्होरं हे काय केलंसा? माझं काय चुकलं?”

“जुनी वळख करून दिली,” वस्ताद शांतपणे म्हणाले. “तू हितं आलास तवा रोज पडायचास. तुझी आई पाठ धुताना मला शिव्या द्यायची. पडल्यावर सुटायचं कसं, ते ह्या मातीनं शिकवलं तुला. आता तिलाच लाजायला लागलास व्हय? पदक हितं मिळत न्हाई, बाबा, म्हणून तर हितं पडून घ्यायचं. ज्यानं तालमीत पडायचं सोडलं, त्यानं शिकायचं सोडलं. मला तुझा लई अभिमान हाय, म्हणून माझ्या हातानं लावली.”

पैलवानानं फेटा उतरवून वस्तादांच्या हाती दिला, सदरा काढला आणि सर्जेरावाला हाक मारली, “ये, जोड धर.”

सर्जेरावानं त्याला गावादेखत पाडलं. कोणी हसलं नाही. पहिली टाळी वस्तादांनीच वाजवली.

पुढे परदेशात, अंतिम लढतीत, प्रतिस्पर्ध्यानं त्याला उलथवलं. एक खांदा गादीला टेकला, दुसरा टेकला की हार, आणि त्याचं अंतर बोटभर उरलं. टीव्हीसमोर बसलेल्या गावानं डोळे मिटून घेतले. वस्ताद तेवढे टक लावून बघत होते. पैलवानानं मानेवर अंग तोललं, कूस बदलली, सुटला, आणि प्रतिस्पर्ध्याचे पाय धरून, पट काढून कुस्ती मारली.

परतल्यावर कुणीतरी विचारलं, “पैलवान, पाठ टेकतीया असं वाटलं, तवा मनात काय आलं?”

“मनात काय यायचंय? सर्जेरावानं दोन महिनं रोज तिथंच आणून ठेवलं हुतं,” तो हसून म्हणाला. “पाठीला सुटायची वाट पाठ झाली हुती.”

पुढे वस्ताद भेटेल त्याला हे उत्तर, पोटच्या पोराचं सांगावं तसं, सांगत राहिले.