तेल रोज भरलेलेच दिसे

एकदा एका बंदरावर एक वृद्ध यंत्रकार राहत होता. बोटींची इंजिने बांधण्यात त्याचा हात धरणारा त्या किनाऱ्यावर दुसरा कोणी नव्हता. लोक त्याला वस्ताद म्हणत. त्याच्याकडे एक शिष्य सात वर्षे शिकत होता. बंदरातल्या एका व्यापाऱ्याने समोरच्या बेटावर उतारूंची ने-आण करण्यासाठी वेगवान बोट बांधायला घेतली, तेव्हा तिच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचे काम वस्तादांनी प्रथमच संपूर्णपणे शिष्यावर सोपवले. त्यांना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात जायचे होते आणि पुढे लेकीकडे दोन महिने विश्रांती घ्यायची होती. निघताना ते एवढेच म्हणाले, "पहिल्याच दिवशी खोल पाण्यात ने आणि चांगलं दामटव. लाड करू नकोस."

शिष्याचा हात धजला नाही. त्या बंदरावर नव्या इंजिनाला बाळंतिणीसारखे जपण्याची रीत होती. हार घालायचा, नारळ फोडायचा आणि आठ दिवस धक्क्यालाच बांधून मंद चालवायचे. येणारेजाणारे थांबून आवाज ऐकत आणि मान डोलावत. स्वतःच्या हाताने बांधलेले पहिले इंजिन पहिल्याच दिवशी दामटवायचे, हे शिष्याला क्रौर्य वाटले. इथपर्यंत मला त्याचा राग येत नाही. आपल्यापैकी कितीजणांनी आपली पोरे अशीच वाढवली आहेत.

नवव्या दिवशी बोट वेगाने सोडली, आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर पडण्याच्या नळीतून, निळसर धूर व त्याबरोबर तेल उडू लागले. पांढरी शुभ्र बोट काळवंडली. शिष्य घाबरला, तरी विद्या विसरला नाही. त्याने एकेका सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडली आणि तेल ओतायच्या भोकाशी कान लावला. सहाही वेळा हवा फुसफुसत तिथेच आली. जळालेला वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये शिरत होता आणि तेलाला बाहेर ढकलत होता. रिंगा बसल्याच नव्हत्या. निदान अचूक होते.

उपायही त्याला ठाऊक होता. इंजिन उतरवून पुरते खोलायचे आणि सिलिंडर पुन्हा घासून घ्यायचे. त्याला दहा दिवस हवे होते, आणि पहिल्या फेरीचा मुहूर्त दोन दिवसांवर आला होता. पत्रिका वाटून झाल्या होत्या. शिवाय वस्तादांना काय तोंड दाखवायचे, ही धास्ती होतीच. मग शिष्याने ब्रीदरला एक लांब नळी जोडली आणि तिचे तोंड बोटीच्या मागे, कोणाला दिसणार नाही असे, पाण्याच्या दिशेने सोडले. तेल समुद्रात जाऊ लागले. बोट पांढरीच राहिली. रोज संध्याकाळी तांडेल बोट धक्क्याला लावून घरी गेला, की शिष्य हळूच जाऊन कमी झालेले तेल भरून ठेवी.

बोट चालवणाऱ्या त्या तांडेलाचे नाव धाकू. तो रोज सकाळी तेलाची पातळी मोजायची पट्टी ओढून बघे. तेल रोज भरलेलेच दिसे.

भरलेले तेल दोन फेऱ्यांना पुरत होते, आणि बोटीच्या रोज दोनच फेऱ्या होत. पण एके दिवशी बेटावर जत्रा होती. धाकूने तिसरी फेरी केली, मग चौथी. परतताना खडकांजवळ तेलाच्या दाबाचा काटा एकाएकी खाली पडला. इंजिन बंद करावे, तर लाटा बोट खडकावर नेणार. त्याने ते चालूच ठेवले आणि ते जाम झाले. बोट आपटून फुटली. नऊ उतारू होते. त्यांना धाकूने एकेक करून खडकावर चढवले. त्याचे प्रेत तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागले.

मेलेल्या माणसाला बोलता येत नाही, हे जगाच्या फार सोयीचे असते. व्यापारी म्हणाला, "तेल न बघताच बोट काढली त्याने." आठवडाभरात सगळे बंदर तेच म्हणू लागले. कोणी त्याला दारूचीही पुस्ती जोडली. धाकूची बायको ज्याला त्याला सांगे, "नाही हो, ते रोज तेल बघूनच निघायचे." लोक मान खाली घालून ऐकत आणि निघून जात. त्या लोकांत शिष्यही होता.

वस्ताद परतले ते डोळ्यांवर काळा चष्मा लावून. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "समुद्रातून काढलेलं ते इंजिन उद्या सकाळी धाकूच्या अंगणात नेऊन ठेवा. तिथेच खोलू."

लोक हबकले. ज्या लोखंडाने नवरा गिळला, ते बायकोच्या दारात आणायचे? व्यापारी तावातावाने आला. "वस्ताद, माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

दुसऱ्या दिवशी धाकूची बायको पायरीवर बसली होती, शेजारी तिचा दीर. शिष्याने एकेक बोल्ट काढत इंजिन उघडले. सिलिंडर दिसू लागल्यावर वस्ताद म्हणाले, "मला अजून नीट दिसत नाही. तू सांग."

"दोन सिलिंडर ओरबाडलेत. बाकीचे चार चकचकीत आहेत."

"त्या चारांवर नख फिरव. काय लागतं?"

"काही नाही. काच लागते हाताला."

"आणि काय लागायला हवं होतं?"

"बारीक तिरक्या रेघा."

"त्या कशासाठी असतात, ते हिला सांग."

शिष्य तिच्याकडे न बघता बोलू लागला. "वहिनी, रिंगा त्या रेघांवर घासूनच नीट बसतात. त्यासाठी पहिल्या काही तासांत इंजिनावर ताण द्यावा लागतो. नुसतं मंद चालवलं, तर भिंतीवर जळक्या तेलाचा मुलामा चढतो. मग रिंगा बसत नाहीत आणि इंजिन तेल बाहेर टाकतं."

"हे तुला कधी कळलं?" वस्तादांनी विचारले.

शिष्याने हातातला पाना खाली ठेवला. "मुहूर्ताच्या दोन दिवस आधी," शिष्य म्हणाला आणि खालीच बसला. मग त्याने नळीचे सांगितले, रोज संध्याकाळच्या तेलाचे सांगितले. "धाकूदादा रोज बघत होते, वहिनी. मीच रोज भरून ठेवत होतो."

वस्ताद म्हणाले, "इंजिन लाडाने बिघडलं. तेवढ्यासाठी मी तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि पुन्हा शिकवलं असतं. अशी इंजिनं मीसुद्धा बिघडवलीत. पण ते बिचारं इंजिन तेल ओकून सांगत होतं, माझ्यावर भरवसा ठेवू नका. तू त्याचं तोंड समुद्राकडे वळवलंस. रोग ओळखणं ही अर्धीच विद्या. ज्याचा जीव त्यावर आहे, त्याला तो सांगणं ही उरलेली अर्धी. वर्कशॉपात खोललं असतं, तर तू हे मला सांगितलं असतंस. मला सांगून काय उपयोग? मी त्या बोटीत बसणार नव्हतो."

धाकूची बायको पायरीवरून उठली. ती म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत होते, तेव्हा तू तिथेच उभा होतास. बाराव्यालासुद्धा."

"हो, वहिनी."

"इथे अंगणात आपण चारच माणसं आहोत. आमच्या ह्यांना बेफिकीर म्हणालं ते अख्खं बंदर. तिथे जाऊन सांग."

वस्तादांनी मान खाली घातली. "मला वाटलं होतं, अंगण पुरेल," ते म्हणाले. "ती बरोबर बोलते आहे. चल."

मासळीचा लिलाव ऐन रंगात होता. शिष्य एका उलट्या टोपलीवर उभा राहिला आणि बोलू लागला. बोली थांबल्या. व्यापारी उठून निघून गेला. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळणीने हातातली पाटी खाली ठेवली आणि ती त्याच्या पायांशी थुंकली. त्याचा आवाज चिरकत होता, मध्येच बसत होता, तरी रिंगांपासून संध्याकाळच्या तेलापर्यंत त्याने काहीही वगळले नाही.

तो थांबला, तेव्हा गर्दीच्या अगदी मागून धाकूच्या बायकोचा आवाज आला.

"पुन्हा सांग. इकडे मागे ऐकू आलं नाही."

त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितले.