राजानं किड्यांची नावं पुसली

एकदा काय झालं, एका राजाला पेरूत अळी सापडली.

सापडली म्हणजे अर्धीच. उरलेली अर्धी कुठं गेली? हं, हसू नका. दरबारातले लोकही हसले नाहीत, पण ओठ दाबून धरताना सगळ्यांचे खांदे हलत होते आणि राजाला ते दिसलं. तेजपाल त्याचं नाव. वाईट नव्हता हो तो, पण आपल्याला कुणी हसलेलं त्याला खपायचं नाही.

राजा ताडकन उठला. म्हणाला, "आजपासून माझ्या राज्यात एकही किडा नको. किड्याचं नावही नको. जो नाव घेईल, त्यानं वेशीबाहेर चालतं व्हायचं."

मग दवंडी पिटली. पोथ्यांमधून शब्द खरवडून काढले. अळी गेली, किडा गेला, गांडूळ गेलं, जंत गेले. लोक असे घाबरले, की अळूची भाजी मागायचीसुद्धा चोरी झाली. बायका म्हणायच्या, "ती मोठी पानं द्या हो दोन जुड्या." दात किडला, तर माणूस नुसता गाल धरून बसायचा. फार वाचणाऱ्याला पूर्वी पुस्तकी किडा म्हणायचे, आता काय म्हणणार? आणि शाळेत पंतोजींची पंचाईत! पोरांना गप्प बसवायला अळीमिळी गुपचिळी म्हणावं, तर तेही बंद. मग कोण गप्प बसतंय?

पण दवंडी माणसांनीच ऐकली असं नाही, बरं का. किड्यांनीही ऐकली.

त्या गावाच्या कडेला कोंडाबाईचा भाजीचा मळा होता. एकटीच होती ती. वांगी, दोडके, रताळी पिकवायची आणि राजवाड्यात टोपली पोचवायची. एका सकाळी ती मळ्यात गेली आणि उचललेला पाय तिनं तसाच धरून ठेवला. जमीन चालत होती.

जमीन कशी चालेल म्हणता? गांडुळं निघाली होती, लाखांनी. त्यांच्या मागं पानांवरच्या अळ्या. हिरव्या, काळ्या, केसाळ, काहींच्या तर पाठीवर डोळे रंगवलेले. मग तुतीवरचे रेशमाचे किडे, पोथ्यांमधली कसर, लाकडातले भुंगे, शेणातले किडे. ओरडा नाही, गोंधळ नाही. नुसती सळसळ, नवं लुगडं नेसून कुणी हळूच चालत जावं तशी. तीन दिवस ती रांग वेशीबाहेर जात होती.

सगळ्यांच्या मागं एक म्हातारं गांडूळ होतं. कोंडाबाई त्याच्यापाशी उकिडवी बसली.

"बाबा, कुठं निघालात?"

"जिथं आमचं नाव घेतील तिथं," ते म्हणालं. "बाई, घरात ज्याला कुणी हाकच मारत नाही, त्यानं त्या घरात राहावं कसं?"

त्याची कातडी वाळू नये म्हणून तिनं वाटेवर ओंजळभर पाणी शिंपडलं. मग तेही गेलं.

पहिल्या वर्षी माती दगडासारखी झाली. पाऊस पडायचा आणि वरच्या वर वाहून जायचा. दुसऱ्या वर्षी झाडाखालची पानं कुजेनात. गुडघाभर ढीग साचला, तरी पान म्हणून मातीत मिसळेना. मग तिसऱ्या वर्षी पाखरं गेली. पिलांना भरवायला चोचीत धरणार काय ती? एक सकाळ अशी उजाडली, की एकही पाखरू बोललं नाही. सगळं गाव अंगणात येऊन उभं राहिलं, कान देऊन. केवढी ती शांतता! लहान पोरं रडायला लागली. का रडतोय, ते त्यांनाही सांगता येईना.

तरी राजा हटेना.

मग राजाची लेक आजारी पडली. शेवंती तिचं नाव. पाच वर्षांची. हातपाय काडीसारखे, पोट मात्र माठाएवढं. झोपेत दात खायची आणि कुणाचं लक्ष नसलं की भिंतीची माती चाटायची. काय झालं होतं तिला? बरोब्बर! सगळे किडे राज्य सोडून गेले, पण पोटातल्यांना दवंडी कुठून ऐकू येणार?

तीन वैद्य आले. एक म्हणाला, "पोटात वारा धरलाय." दुसरा म्हणाला, "दृष्ट लागलीय." तिसरा नुसता आपल्या पायांकडं बघत राहिला. अहो, तिघांनाही ठाऊक होतं. पण नाव कोण घेणार?

त्याच दिवशी कोंडाबाई टोपली घेऊन आली. टोपलीत होती सहा वांगी, सुपारीएवढी. तिनं शेवंतीला पाहिलं. जवळ जाऊन पोटावरून हात फिरवला. मग राजाकडं वळून स्वच्छ म्हणाली, "महाराज, पोरीला जंत झालेत."

राजा म्हणाला, "काय बोललीस कळतंय का तुला?"

"कळतंय. तुमचा शब्द आहे, मी चालले वेशीबाहेर. पण वावडिंगाचं चूर्ण मधातून द्या तिला, तीन सकाळी. रोगाला नावच नाही दिलं, तर औषध कशावर देणार, महाराज?"

मग वांगी तिथंच ठेवून, रिकामी टोपली डोक्यावर घेऊन ती निघाली. तिला कुणी अडवलं नाही.

राजानं आपल्या हातानं वावडिंग कुटलं. तीन सकाळी स्वतः चाटवलं. चौथ्या सकाळी शेवंतीनं भाकरी मागितली. दोन घास खाल्ले आणि विचारलं, "बाबा, त्या आजी कुठं गेल्या?"

राजा उठला, पायातले जोडे काढून ठेवले आणि अनवाणीच वेशीबाहेर निघाला.

वेशीबाहेर होता खडकाळ माळ. गवताचं पातंही उगवायचं नाही तिथं. राजा चढण चढून वर गेला आणि जागीच थिजला. माळ कुठं होता? रान होतं! माती काळीभोर, पाऊल टाकलं की पोळीसारखी मऊ दबायची. आणि त्या मातीखाली काहीतरी हलत होतं. राजाला तळव्यांना कळत होतं ते, झोपलेल्या बाळाच्या छातीवर हात ठेवल्यावर कळतं ना, तसं. तुतीच्या फांद्यांवर सोनेरी कोश लटकले होते. पाखरं तर इतकी, की आभाळ दिसेना. राज्यातली सगळी पाखरं तिथं होती.

राजाच्या अगदी डोळ्यांसमोर एक कोश उकलला. आतून ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं. राजाच्या अंगठ्यावर बसून त्यानं पंख पसरले. निळे, काळी किनार असलेले.

"हे कोण?" राजानं हळूच विचारलं.

"अळी," झाडाखालून कोंडाबाई म्हणाली. "तुमच्या पेरूतली नव्हे, दुसरी. पण अळीच."

राजा कितीतरी वेळ तो अंगठा हलवीना. मग म्हणाला, "बाई, तुम्ही घरी चला. माझं चुकलं."

"मी येईन हो. पण एकटी येऊन काय पिकवू?"

तेवढ्यात मातीतून म्हाताऱ्या गांडुळानं डोकं वर काढलं. "हाक मार," ते म्हणालं. "प्रत्येकाला, नावानं."

राजानं शब्द आधी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. तीन वर्षं जिभेवर नव्हता ना! मग त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "गांडुळा, ये रे." माती उसळली. "अळ्यांनो, या." झाडं हलली. राजाला ज्यांची नावं आठवत नव्हती, त्यांची कोंडाबाई सांगत गेली. राजा हाका मारत गेला, घसा बसला तरी मारत गेला. दिवस मावळेस्तोवर सगळी वाट भरून गेली होती आणि राजा एकेक पाऊल बघून टाकत सगळ्यांच्या मागून चालत होता.

दुसऱ्या सकाळी गावात पाखरं बोलली. कोंडाबाईच्या मळ्यात रताळी धरली, शेवंतीच्या गालावर रंग आला, पोथ्यांमध्ये शब्द परत लिहिले गेले आणि सगळे सुखानं राहू लागले.

पण एक सांगायचं राहिलं. काही किडे असे होते, की त्यांची नावं कोंडाबाईलाही ठाऊक नव्हती. ते तिकडंच राहिले. मग दरवर्षी पेरणीआधी राजा त्या माळावर जायचा, मातीत बसायचा, एकेकाला नीट बघायचा, नाव ठेवायचा आणि घरी घेऊन यायचा. म्हातारा झाला, तरी जात होता. सुचतील तेवढी सगळी नावं संपली त्याची, पण किडे काही संपले नाहीत. अजून आहेत ते तिथं.

चला, मिटा डोळे. ऐका, मातीखाली कामं चालूच आहेत. त्यांची त्यांना करू द्या, आपण निजायचं.