रुतलेली चाकं

"...पण उस्ताद, फोर-व्हील लावायचं तरी कधी?"

"गरज पडायच्या आधी."

यमुना मडावीला हसू आलं. गरजच नसेल, तर लावायचं कशाला? दवाखान्याच्या पिकअप ट्रकवर ती नुकतीच रुजू झाली होती. टू-व्हील म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना, फोर-हाय म्हणजे चारही चाकांना, फोर-लो म्हणजे चारही चाकांना पण सावकाश आणि जास्त ताकदीनं... गिअरशेजारच्या छोट्या दांड्याच्या तिन्ही जागा तिला तोंडपाठ होत्या. तिला शिकवणाऱ्या सलामत उस्तादांनी इथल्याच जंगलात जन्मभर ट्रक चालवलेला, पण त्यांचं हे कोड्यातलं बोलणं तिला जुनाट वाटे.

त्या दुपारी उस्ताद यमुनेच्या शेजारी बसले होते आणि ट्रकच्या मागच्या बाजूला बाळंतपणाला निघालेली झुरी कळा देत होती. सोबत तिची सासू. दवाखाना नदीपलीकडे.

नदीत पाणी नव्हतं. नुसती वाळू.

यमुनेनं टू-व्हीलवरच ट्रक आत घातला. मध्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. तिनं घाईघाईनं फोर-हाय लावलं आणि ॲक्सिलरेटर दाबला.

आता चारही चाकं रुतली.

मागून झुरीची किंकाळी आली.

"उस्ताद, सांगा ना काहीतरी!"

उस्ताद उतरले. चपला काढल्या. ट्रकच्या पुढं अनवाणी थोडं चालले, सावकाश... आणि परत येऊन बसले.

यमुना त्या पावलांकडे बघत राहिली. बोटं पसरलेली. वाळू जेमतेम दबलेली. आणि इकडे तिच्या चाकांनी खड्डे खणले होते.

तिनं खाली उडी मारली. टायर पसरतील इतकी त्यांतली हवा कमी केली, चाकांपुढची वाळू हातांनी उपसली. परत चढून गिअर न्यूट्रलला घेतला, दांडा फोर-लोवर टाकला. मग गिअर घालून क्लच अलगद सोडला. ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला.

ट्रक थरथरला...

हलला.

रवंथ करत उठलेल्या म्हशीसारखा, कसलीही घाई न करता, तो वाळूतून निघाला आणि पलीकडचा काठ चढून वर आला. मागं सासूबाई आनंदानं पत्रा बडवत होत्या. डांबरी रस्ता लागताच यमुनेनं ट्रक थांबवून दांडा टू-व्हीलवर आणला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. टायरांत हवा कमी, म्हणून वेग बेताचाच ठेवला.

दवाखान्यात बाळाचं रडणं ऐकू आलं, तशी ती धावत बाहेर आली.

"मुलगी झाली, उस्ताद! दोघी सुखरूप! आपण वेळेत पोचलो!" तिचा श्वास पुरेना. "पण तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत... का?"

उस्तादांनी तिच्याकडे डोळे भरून पाहिलं.

"गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये, बेटा."