अर्ध्या टाईल्सचं बाथरूम

“...आणि तरी मीच समजून घ्यायचं, भन्तेजी? मीच?”

प्रणय मेश्रामने हे विचारलं तेव्हा विहारातले भिक्खू, भन्ते शीलरत्न, कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत होते. नागपूरचं ऊन, शनिवारची दुपार. भन्तेंनी बादली खाली ठेवली.

“काय समजून घ्यायचं?”

झालं. हे विचारायलाच नको होतं. पोरगा सकाळपासून तुडुंब भरून आला होता.

तर भानगड अशी. प्रणय एका कॉल सेंटरमध्ये टीम लीडर. दिवसभर बोलणं हेच काम, आणि सुट्टीच्या दिवशीही ते काम काही बंद नसायचं. त्याने मानेवाड्याकडे गजभिये काकांचा जुना फ्लॅट घ्यायचं ठरवलं होतं. सगळ्या मेश्राम खानदानातलं पहिलं स्वतःचं घर. त्याची आई जन्मभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेली. भिंतीत खिळा ठोकायचा तरी आधी घरमालकाला विचारून यायची.

काकांनी शब्द दिला होता. बाथरूमचं लिकेज काढून नवीन टाईल्स लावून देतो. ओट्यामागची भिंत करून देतो. हॉलच्या छताची ओल काढून देतो. सगळं रजिस्ट्रीच्या आत.

आणि सगळं सुरू झालं होतं, हं. संपलं मात्र काहीच नव्हतं.

रजिस्ट्री सोमवारी. रविवारी नव्या घरात परित्राण पाठ, म्हणजे घराच्या रक्षणासाठी बुद्धवचनांचं पठण, त्यासाठी भन्तेजींनाच बोलावलेलं. इकडे भाड्याची खोली पुढच्या माणसाला देऊन झालेली. आईची भांडी पोत्यांत.

“मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणते, काकाच नको म्हणून राहिले. काकांना केला तर म्हणतात, होऊन राहिलं बेटा. रोज तेच. मी काय येडा आहे का, भन्तेजी? ऑफिसात लोक मला विचारून घरं घेतात. सौदाच मोडतो मी. उद्याचं रद्द समजा.”

“आई काय म्हणते?”

“काहीच नाही. पोत्यावर बसून चहा पिते.”

भन्तेंनी बादली उचलून कूलरमागे ठेवली. खांद्याला झोळी अडकवली.

“गाडी आणली?”

“हो.”

“चल.”

तिसरा मजला, लिफ्ट नाही. भन्ते प्रत्येक वळणावर थांबले. प्रणय तिथेही बोलतच होता.

दार उघडंच होतं. रिकाम्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर गजभिये काका बसले होते. बाजूला सिमेंटचं घमेलं, आतलं सिमेंट कधीचं वाळलेलं.

“वंदामि भन्ते,” म्हणत काका उठायला लागले, आणि अर्ध्यातूनच परत बसले. गुडघे.

“मिस्त्री कुठे आहे, काका?” प्रणय म्हणाला.

“येतो म्हणला होता.”

“पाहा, भन्तेजी. पाहा तुम्हीच.”

भन्तेंनी घर पाहिलं नाही. झोळीतून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं.

“ते तर उद्या लागते ना, भन्तेजी?”

“उद्याचं रद्द आहे ना.”

त्यांच्या विहाराची रीत अशी, की परित्राणाला हा दोरा पाण्याच्या मडक्यापासून निघतो, खोल्याखोल्यांतून फिरतो, बसलेल्या सगळ्यांच्या हातांतून जातो आणि परत मडक्याशी येतो. जेवढं दोऱ्याच्या आत, तेवढ्यासाठी पाठ.

मडकं काही नव्हतं. भन्तेंनी दोऱ्याचं टोक काकांच्या हातात दिलं आणि रीळ प्रणयच्या.

“फिरव. घेतोस ते आत घे. नाही घेत ते सोड.”

प्रणय निघाला तो सरळ बाथरूमकडे. खाली निम्म्यापर्यंत गुलाबी फुलांच्या टाईल्स, वर उघड्या विटा, मधून बाहेर आलेला नागडा पाईप.

“हे नाही घेत मी.”

“बरं.”

स्वयंपाकघर. ओट्यामागे नुसतं खरवडलेलं प्लास्टर.

“हे पण नाही.”

“बरं.”

बेडरूमच्या भिंतीला पलीकडच्या बाथरूमची ओल आलेली. ती सुटली. हॉलच्या छताचे पोपडे अर्धेच काढून ठेवलेले, खालून गेलं की अंगावर पांढरं पडायचं. हॉलही सुटला.

असं करत करत साहेब चपलांच्या रॅकपाशी पोचले. दोरा त्यांच्या स्वतःभोवती आणि रॅकभोवती. बस.

“झालं?” भन्तेंनी विचारलं. “पाठाला बसू कुठे मी?”

एरवी प्रणय हसला असता. आता नाही आलं हसू. तो उंबरठ्यावरच बसला.

“भन्तेजी, चूक यांची आहे. शब्द यांनी दिला होता.”

“हो.”

“मग?”

“मी कुठे नाही म्हणालो?”

खाली कुणीतरी गादी झोडपत होतं, त्याचा आवाज वर येत राहिला.

मग गजभिये काका बोलले. दोऱ्याचं टोक मुठीत तसंच.

“मिस्त्रीला मीच परत पाठवत होतो, बेटा.”

प्रणयने मान वर केली.

“तुझी काकू किती वर्षं मागे लागली होती. बाथरूम करा, ओटा करा. मी म्हणायचो, करू ना, घाई काय आहे... ते फूल तिनेच पसंत केलं होतं. दुकानातून एक टाईल आणून ठेवली होती कपाटावर.” काका थांबले. “ती होती तोवर नाही केलं. आता विकायचं आहे म्हणून करून राहिलो. मिस्त्री काम उरकायला लागला, की मला पाहवत नाही. मी म्हणतो, जा बाबा, उद्या ये.”

“हे मला फोनवर सांगता नाही आलं?”

“काय सांगू? उरलेल्या कामाचे कापून घे तू पैशातून. फक्त मला उभं राहून करून घ्यायला लावू नको.”

प्रणयकडे उत्तर तयार होतं. माझा काय संबंध याच्याशी? आणि ते उत्तर बरोबरच होतं, त्यात काही खोट नव्हती. पण तोंडापर्यंत आलं आणि त्यालाच ते उचलून बोलायचा कंटाळा आला.

त्याने भन्तेंकडे पाहिलं. भन्ते खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे पाहत होते.

मग प्रणय उठला. रॅकभोवतीचा दोरा सोडवला, रीळ घेतलं. पोपड्यांच्या खालून गेला. स्वयंपाकघरात गेला, ओट्यावरून हात फिरवत दोरा मागच्या भिंतीला लावला. ओलीच्या भिंतीला लावला. शेवटी बाथरूमच्या दारात थांबला.

आत जाऊन त्याने त्या नागड्या पाईपला दोऱ्याचा वेढा दिला.

बाहेर आला तेव्हा शर्टाच्या बाहीला सिमेंट लागलं होतं.

“सोमवारी रजिस्ट्री करू, काका. ठरल्याप्रमाणे. कापायचं काय ते आपण बसून बोलू. बाथरूमचं वरचं काम मी करून घेतो.”

काकांनी मान हलवली. मग हळूच विचारलं,

“गुलाबीच?”

आता, प्रणयच्या मोबाईलमध्ये राखाडी टाईल्सचा फोटो सेव्ह होता. मॅट फिनिश. ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवून झालेला.

“मिळाल्या तर,” तो म्हणाला.

दोरा सगळं घर फिरून काकांच्या खुर्चीपाशी आला. प्रणयने रीळ त्यांच्या पायाशी ठेवलं. काकांच्या मुठीत पहिलं टोक अजून तसंच होतं, बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेलं.

भन्ते दाराशी, भिंतीला हात टेकून चपला घालत होते.

“भन्तेजी,” काका म्हणाले, “आता सोडू का मी?”

भन्तेंनी दुसरी चप्पल पायाने सरळ केली.

“मला काय विचारता, उपासक? घरमालकाला विचारा.”