फळ्यावरचा चोर

एकदा एका पिठाच्या गिरणीत एक बातमी अर्धीच कानावर आली. पुढची बाई मागचीला सांगत होती, "अहो, आपल्या गुरुजींना म्हणे आता सात आठे..." आणि नेमका गिरणीवाल्याने पट्टा सुरू केला. ज्वारीच्या घरघरीत उरलेलं वाक्य दळून गेलं. गुरुजी आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. त्यांच्याविषयीची बातमी अर्धी पोटात ठेवून मला जेवण कसं जाणार?

गुरुजी निवृत्त शिक्षक. सकाळी स्टँडवरच्या पाणपोईचा रांजण घासून भरायचा आणि सायंकाळी समाजमंदिरात मुलांचा वर्ग घ्यायचा, हा त्यांचा नित्यक्रम. बायको गेली, मुलगी परगावी. त्यांचा जीव त्या वर्गातच गुंतलेला. आमच्या पेठेतल्या निम्म्या घरांना अक्षरं त्यांनी दिलेली.

संध्याकाळी बातमी पुरी झाली. गुरुजी फळ्यावर चुकीचं लिहितात, त्यांना भ्रम होऊ लागला आहे, मुलांचं नुकसान होईल. तेव्हा वर्ग त्यांच्याकडून काढून घ्यावा, असं समाजमंदिराच्या कमिटीत चाललं होतं. अध्यक्ष बापूसाहेबांनी शुभदाला बोलावलं. शुभदा गुरुजींचीच शिष्या, आता स्वतः हायस्कुलात शिकवते. "तू बसून बघ आणि काय ते सांग," असं तिला सांगितलेलं. बिचारी आधी माझ्याकडे आली. चहा पुढे तसाच निवत ठेवून म्हणाली, "काकू, त्यांनी माझा हात धरून मला लिहायला शिकवलं. त्यांचा खडू मी कसा काढून घेऊ?"

"आधी बघ तरी," मी म्हटलं. आणि मेथीची जुडी घेऊन मीही समाजमंदिराच्या पायरीवर जाऊन बसले. मेथी काय, कुठेही निवडता येते.

गुरुजींनी पाढा लिहायला घेतला. अक्षर अजून तसंच, मोत्याच्या सरीसारखं. लिहिता लिहिता त्यांनी लिहिलं, 'नऊ साते एकसष्ट'. माझा हात जुडीतच थांबला. शुभदाने मान खाली घातली.

तोच गौतमी नावाची एक चिमुरडी उठून ओरडली, "गुरुजी, चोर!"

"कुठाय?"

"तो बघा, एकसष्ट! त्रेसष्ट पाहिजे!" ती धावत गेली, तळहाताने आकडा पुसला आणि स्वतः बरोबर लिहून आली. वर्ग टाळ्या वाजवू लागला.

शुभदाचा चेहरा उजळला. मागे वळून मला कुजबुजली, "काकू, हा चोर आमच्या वेळीही होता! रोज एक चूक गुरुजी मुद्दाम पेरायचे. जो पकडेल त्यानेच पुसायची. लोकांना वाटलं, ते चुकतात!" मलाही इतकं हलकं वाटलं की मी मेथीच्या काड्याही टोपलीत टाकल्या.

पुढे भूगोल निघाला. गुरुजींनी लिहिलं, 'कृष्णा नदी अरबी समुद्राला मिळते'.

"चोर! चोर!" मुलं ओरडली. "बंगालचा उपसागर!"

आणि गुरुजी फळ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. रोज एकच चोर, हा त्यांचा नियम. मुलांच्या ते ध्यानीही आलं नाही. त्यांना दुप्पट मौज. पण शुभदाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

मुलं गेल्यावर ती त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. "गुरुजी, दुसरा..."

"पहिला मी बसवला होता, शुभदे. दुसरा आपण होऊन आला." ते शांतपणे हाताचा खडू झटकत होते. "वर्षभर येतोय. डॉक्टरांना दाखवलंय."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"या वर्गाला सांगायची गरज पडली नाही. मोठ्या माणसाची चूक दाखवणं हा उद्धटपणा नव्हे, ते त्याच्यावरचं प्रेम आहे, एवढंच मी जन्मभर शिकवत आलो. मुलांना चोर ओळखू येतो. तो मी आणलेला की आपसूक आलेला, याने त्यांना काय फरक पडतो? इथे मी निर्धास्त आहे, बाळ. मला भीती वाटते ती पाणपोईवर. परवा रिकाम्या रांजणावर झाकण ठेवून घरी आलो. माणसं उभी होती, पण आदरापोटी कुणी बोललं नाही. तो आदर घेऊन मी काय करू? तहानलेले तहानलेलेच गेले ना?"

 शुभदाने फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी विचारलं, "काय गं, ऐकलं ते खरं का?"

"अर्धं खरं आहे," ती म्हणाली. "गुरुजी विसरतात. पण मुलांचं नुकसान होत नाही. वर्ग तेच घेतील. मी मागे मुलांत बसेन. एखादा चोर मुलांच्या हातून निसटला, तर मी उठेन."

बापूसाहेब थोडे घुटमळले. मग हसून म्हणाले, "मलाही त्यांनीच शिकवलंय. बस तू."

त्यानंतर एका सकाळी मी भाजी घेऊन स्टँडवरून येत होते. गुरुजींनी रांजण घासला, उपडा करून निथळवला, सरळ ठेवला, वर झाकण घातलं आणि भरलेली बादली तशीच बाजूला ठेवून निघाले. बाकड्यावरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना वळवल्या. मीही पिशवी सावरून पुढे निघणारच होते. एवढ्या मोठ्या माणसाला, भर स्टँडवर?

मग मी मोठ्याने म्हटलं, "गुरुजी, चोर!"

ते थबकले. वळून आले, झाकण उचललं, आत डोकावले. वर पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते आणि ओठांवर हसू होतं.

"सापडला की, वहिनी!" ते म्हणाले आणि बादली उचलून माझ्या हातात दिली. "पण नियम ठाऊक आहे ना? जो पकडतो, त्यानेच पुसायचा."

मी भाजीची पिशवी त्यांच्याकडे दिली आणि रांजण भरायला लागले.