बोडका बांध

बोरदऱ्याच्या तळ्यावर आलेल्या पाहुण्याच्या कानावर पहिला शब्द पडतो तो "टोपी काढा." बांधाच्या तोंडाशी हौसाबाईंची चहाची टपरी आहे आणि हा शब्द त्यांचाच. टोपी, फेटा, हेल्मेट, जे काही असेल ते पुरुषाने हातात घ्यायचे आणि मगच बांधावर पाऊल टाकायचे. बाईमाणसाने मात्र डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकून ताठ मानेने चालायचे. पाहुणे लगेच हात जोडतात आणि विचारतात, कुठल्या देवाचे ठाणे आहे म्हणून. हौसाबाई आधणात साखर टाकता टाकता हसतात.

"देव न्हाई हितं. गावाची लाज पुरलीय हितं." आणि मग त्या सांगतात ते असे.

फार वर्षांपूर्वी, पाटलाच्या शब्दावर गाव उठत-बसत होते तेव्हा, बांधाच्या पायथ्याला खालच्या आळीत ठकूबाई नावाची बाई वाकळा शिवून पोट भरत असे. वाकळ म्हणजे गोधडी. नवरा मागेच वारला होता, मूलबाळ नव्हते. एक सुई होती आणि एक जीभ होती, आणि दोन्हींना सारखीच धार होती म्हणतात. बांध दरवर्षी थोडा थोडा पाझरायचा, तशी एकेक घरे उठून वरच्या माळावर गेली. शेजारचे गेले, समोरचे गेले. ज्या ओट्यावर चार बायका मिळून दोरे भरायच्या, तिथे धोतऱ्याची झुडपे माजली. वर गेलेल्यांनी घरांवर कौले चढवली, जाजमे अंथरली, आणि जिच्यात जन्मले, निजले, त्या वाकळेला चिंध्या म्हणायला लागले. ठकूबाईला त्यांचा राग नव्हता. तिला त्यांची किळस यायची, आणि ती तसे तोंडावर सांगायची.

त्या वर्षी भाद्रपदात तळे काठोकाठ भरले आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाने मनगटाएवढी धार लागली. पुरुषांनी बाहेरून दगडमाती लोटली, पाण्याने ती ढकलून दिली. पुन्हा लोटली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला हैबतराव पाटलांनी कुदळी खाली ठेवायला लावल्या आणि देवऋषी बोलावला. अक्कल संपली की देव आठवतो, तशातली गत. देवऋषी घुमला आणि म्हणाला, तळ्याला नवी सून पाहिजे, येत्या अमावास्येला. हिरवे लुगडे नेसवा, ओटी भरा, आणि पाण्यात उतरण्याआधी ती मागेल ती एक वस्तू हातात द्या, नाहीतर दिलेले पाण्याला पोचणार नाही.

पाटलांच्या धाकट्या सुनेच्या लग्नाला सहा महिने झाले होते. ती म्हणे जुनी झाली. खालच्या आळीतल्या सगुणाच्या लग्नाला दीड वर्ष झाले होते. ती नवी ठरली. सगुणाचे घर ठकूबाईच्या भिंतीला भिंत लावून होते. सासरा पंचांपुढे होकाराची मान हलवून आला. नवरा परसात जाऊन रडला, आणि रडून झाल्यावर जेवायला बसला.

ही रविवारची गोष्ट. सोमवारी ठकूबाई वाकळ धुवायला तळ्याच्या आतल्या काठावर गेली. पाण्यात सोडलेली वाकळ बांधाकडे सरकली आणि एका जागी घट्ट चिकटून बसली. गेले काही दिवस हे रोज होत होते, आणि ती रोज पाण्याला शिव्या घालून ती ओढून काढत होती. त्या दिवशी तिने शिवी दिली नाही. पाणी बांधात शिरते कुठून, ते तिला कळले होते. ओल्या लुगड्यानिशी ती चावडीवर गेली.

"पाटील, भोक आतनं हाय. तुमी माती लावताय भाइरनं. आंगरख्याला अस्तर कुनी भाइरनं लावतं का?"

पंच हसले. पाटील म्हणाले, "ठके, चिंध्यांनी तळं शिवनार व्हय तू?"

"शिवीन. तुमास्नी जमंना म्हनून तर पोर बुडवाय निघालाय."

अमावास्येपर्यंत काय शिवायचे ते शिव, म्हणून त्यांनी तिला हाकलले. अमावास्येला सहा दिवस होते.

भोकावर आतून बसवायला वाकळ पाहिजे होती बारा हात लांबरुंद आणि नऊ थरांची, तीही जुन्या कापडाची. जुने कापड पाणी पिते आणि तळाला बसते. नवे खळीचे कापड फुगून वर येते. मंगळवारी ती शेजारच्या गावच्या बाजाराला जाऊन आली, पण शिंप्यांकडे सगळी नव्या कापडाची कातरणे. बुधवारी ती वरच्या माळावर चढली. ज्यांच्या बाळंतपणाच्या वाकळा तिने शिवल्या होत्या, त्या बायका दारात उभ्या राहून म्हणाल्या, आमच्यात आता जुनं काही नसतं हो. गुरुवारी टेकडीवरच्या भैरोबाला सगळ्या गावच्या बायका जातात म्हणून तीही गेली. तिथे मात्र त्यांतल्याच दोघी-तिघींनी नवऱ्यांची नजर चुकवून जुनी लुगडी तिच्या पाटीत टाकली आणि तोंड फिरवून दर्शनाच्या रांगेत उभ्या राहिल्या. बाकीचे सगळे खालच्या आळीने दिले. काहींनी पोरांच्या अंगावरचे काढून दिले.

फिरून आली की उजेड असेतो ठकूबाई शिवायची आणि सगुणा शेजारी बसून सुयांत दोरे ओवायची. आपल्या मरणाचा दिवस ठरलेला असताना त्या पोरीचा एक टाका वाकडा पडला नाही, असे सांगतात. सासू दोनदा बोलवायला आली. सगुणाने वर पाहिले नाही.

वाकळ कडेने शिवत शिवत मध्याकडे न्यायची असते. शनिवारी सकाळी, अमावास्येच्या आदल्या दिवशी, मध्ये सुपाएवढी जागा उरली आणि कापड संपले. नेमका तोच भाग भोकावर बसायचा होता. तिथे चिंधी टिकली नसती. लांब, घड्यांवर घड्या पडतील असे आणि घामातेलात मुरलेले वस्त्र हवे होते. गावात तसे एकच होते. ठकूबाई पाटलांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांचे पागोटे मागितले.

पाटील दचकले. हात आपोआप डोक्याकडे गेला. "पागोटं म्हंजे पाटीलकी. ती चिखलात घालू?"

"म्हंजे पोरगी चिखलात चालंल."

"जा हितनं."

ठकूबाई त्यांच्या पायरीवर थुंकली आणि घरी आली. सगुणाने विचारले, "आत्या, न्हाई म्हनले?" ठकूबाईने मान हलवली. सगुणाने हातातल्या सुईत पुन्हा दोरा ओवला.

रविवारी भर दुपारी सगुणाला वाजतगाजत बांधावर आणले. हिरवे लुगडे, हिरवा चुडा, ओटीत नारळ. वरच्या माळावरचे झाडून सगळे आले होते, पोरांना खांद्यावर घेऊन, जत्रेला आल्यासारखे. ठकूबाई पाण्याच्या कडेला मध्ये भोक पडलेली वाकळ पसरून बसली होती. तिच्याकडे बघून लोक नाकाला पदर लावत होते. देवऋषीने सगुणाला विचारले, पोरी, काय मागतेस? लोकांना वाटले आईला भेटायचे म्हणेल, नाहीतर गोड काहीतरी.

सगुणा म्हणाली, "पाटलांचं पागोटं."

वाजप थांबले. पाटलांनी देवऋषीकडे पाहिले. देवऋषी आभाळाकडे बघायला लागला. नियम त्यानेच सांगितला होता. पंच आपापल्या वहाणा न्याहाळू लागले. एका पोरीचा जीव द्यायला ज्या गावाला एक घटका पुरली होती, त्याच गावाला एक पागोटे उतरवायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात मनगटाची धार मांडीएवढी झाली. शेवटी वरच्या माळावरचीच एक बाई ओरडली, "द्या की वो! डोस्कं मागितलं न्हाई, पागोटं मागितलंय."

पाटलांनी ते उतरवून दिले. सगुणा एक टोक धरून उलगडू लागली. वरचे तीन वेढे जरीकाठाचे होते. त्याखाली नुसती ठिगळे. ठिगळाला ठिगळ जोडलेले, टाके बारीक आणि सरळ. तसे टाके गावात एकच हात घालत असे, हे न सांगता सगळ्यांना कळले. ठकूबाईनेच ती ठिगळे कधीतरी लावून दिली होती आणि त्यावर आजवर चकार शब्द काढला नव्हता.

"ह्येच्यापायी?" सगुणा म्हणाली. "ह्ये दिसू नये म्हनून मी बुडायचं?"

दोघींनी तिथेच बसून पागोट्याच्या घड्या वाकळेच्या मध्यात शिवल्या, तिला काळ्या मातीचा गारा चोपडला आणि आतल्या अंगाने ती पाण्यात सोडली. पाण्यानेच ती ओढून नेली आणि भोकाच्या तोंडावर गच्च बसवली. "आता घाला माती," ठकूबाई पुरुषांना म्हणाली. "आतनं घाला, मुडद्यांनो." त्यांनी मुकाट्याने घातली. धार मनगटाएवढी झाली, बोटाएवढी झाली, दोऱ्याएवढी झाली आणि थांबली.

सगुणाच्या डोक्यावरचा पदर या गडबडीत खांद्यावर पडला होता. तो तिने पुन्हा घेतला नाही. तशीच ती बांधावरून खाली आली. सासू उंबऱ्यात आरती घेऊन उभी होती, नवरा मागे होता. सगुणा त्यांच्या दारावरून पुढे गेली आणि ठकूबाईच्या घरात शिरली. पुढे तिथेच राहिली, तिथेच वाकळा शिवायला लागली.

पाटलांनी नवे पागोटे बांधले, पण बांधावरच्या दगडावर ठकूबाई शिवत बसलेली असायची. ती काही बोलत नसे. नुसती त्यांच्या डोक्याकडे बघायची, आणि पाटलांचा हात आपोआप वर जाऊन पागोटे उतरवायचा. पाटीलच बोडका चालल्यावर बाकीच्यांनी कुठल्या तोंडाने फेटा ठेवायचा? तेव्हापासून ही रीत पडली, असे सांगतात.

हौसाबाई चहा गाळतात. पाहुणे टोपी हातात घेऊन बांधाकडे भक्तिभावाने बघत असतात, ते त्यांना अजिबात आवडत नाही. "हात जोडू नगा," त्या म्हणतात. "बोडकं चाला, म्हंजे झालं."

आजही भाद्रपदी अमावास्येच्या आधी खालच्या आळीतल्या बायका आठवडाभर बसून एक वाकळ शिवतात आणि गारा चोपडून बांधाच्या आतल्या अंगाला सोडतात. आजही गावाला नवा सरपंच मिळाला की त्याला बांधावर उभे करतात, आणि आळीतली सगळ्यात नवी सून पुढे होऊन त्याचा फेटा मागते. तो सगळ्यांसमोर उलगडून आतून कसा आहे ते बघतात, मग त्या वर्षीच्या वाकळेच्या मध्यात शिवतात. आजवर एकाही सरपंचाने तो मागितल्याबरोबर उतरवून दिलेला नाही, म्हणे.